निळीची पुडी

१

गुरुवारी सकाळी बॉर्नहोमची आगबोट कोपनहेगनच्या धक्क्याला लागली आणि तासाभरात थोरा ब्येरिंगची चिठ्ठी वर्तमानपत्राच्या कचेरीत येऊन पडली. चिठ्ठीत एकच ओळ होती : "इंगरला कुणीतरी मारलं."

सिग्ने वेडेलने ती दोनदा वाचली. इंगर डाल्सगोर जानेवारीतच गेली होती, न्यूमोनियाने, स्वतःच्या अंथरुणात. तिचा मृत्युलेख सिग्नेनेच लिहिला होता, आणि सव्वीस वर्षं कोर्टाच्या बातम्या देणारी बाई असल्या बाबतीत चुकत नाही. तिने टोपी उचलली आणि पूल ओलांडून ख्रिस्तियान्सहावन गाठलं.

थोरा आपल्या शिल्पशाळेबाहेर, अंगणात, पालथ्या बादलीवर बसली होती. अंगात प्रवासाचा कोट, पायाशी पिशवी; मंगळवारी गेलेली ती त्याच बोटीने परतली होती. एकसष्ट वर्षांची, रुंद खांद्यांची बाई. आज तिचा चेहरा काहीतरी वेगळा वाटत होता आणि काय वेगळं ते सिग्नेला क्षणभराने कळलं. चेहरा स्वच्छ होता. जानेवारीपासून तिच्या नाकाच्या दांड्यावर आणि गालांच्या हाडांवर वाळलेल्या मातीचे ठसे कायम असायचे. पूस म्हणून सांगणंही मैत्रिणींनी सोडून दिलं होतं.

"मी आत जाणार नाही," थोरा म्हणाली. "तू जा. दारातून दिसलं तेवढं मला पुरे झालं."

सिग्ने आत गेली. मधोमध फिरता चौरंग होता. त्यावर लोखंडी नळीचा एक तुकडा आणि पिळलेल्या तारांचा गुंता उभा होता. बाकी काही नाही.

मंगळवारपर्यंत त्याच तारांवर मातीची 'उशी' होती : खांद्यापर्यंतच्या दोन म्हाताऱ्या बायका, एका उशीवर झोपलेल्या. एक थोरा, दुसरी इंगर. शनिवारी वसंत प्रदर्शन उघडणार होतं आणि निम्मं शहर त्या उशीवरून आधीच भांडत होतं.

भांडण जुनंच होतं. वीस वर्षांपूर्वी इंगरची कादंबरी सरकारने जप्त केली, कारण तिच्यातल्या दोन बायका शेवटच्या प्रकरणात एका उशीवर झोपतात आणि दोघींपैकी कुणी मरतही नाही, पस्तावतही नाही. न्यायाधीशांनी विचारलं होतं, "निदान शेवटी त्या वेगळ्या तरी होतात का?" इंगर म्हणाली, "नाही, साहेब. सकाळी उठून अंडी उकडतात." कोर्ट हसलं आणि दंड दुप्पट झाला. सिग्नेने ते वाक्य जसंच्या तसं छापलं. तेव्हापासून ती या घरची झाली.

त्याच दिवसांत कुणीतरी इंगरच्या फोटोला डुकराचे कान चिकटवून पोस्टकार्डं छापली आणि पुलावर विकली. इंगरने घरातले सगळे फोटो चुलीत घातले आणि पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. तिचा चेहरा जगात एकाच ठिकाणी उरला होता. त्या चौरंगावर.

सिग्ने बाहेर आली तेव्हा थोरा आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती.

"मला ती आठवत नाही गं," ती म्हणाली. "आवाज आठवतो, खोकला आठवतो. चेहरा नाही. तो हातांनाच यायचा, मातीवर ठेवले की. आता कशावर ठेवू?"

"थोरा..."

"कुणी केलं ते मला माहीत आहे. तिचा भाऊ, तो पाद्री. शनिवारी प्रदर्शन उघडलं की रिकाम्या चौरंगाशेजारी उभी राहून त्याचं नाव घेणार आहे. मोठ्याने."

"पुरावा नसला तर अब्रूनुकसानीत तुरुंगात जाशील."

"मग शनिवारच्या आत पुरावा आण."

२

सिग्ने परत आत गेली आणि तिने कोर्टात शिकलेली एकच गोष्ट केली : बसली आणि पाहत राहिली.

पहिल्यांदा लक्षात आली ती जमीन. वीस वर्षांत ती इतकी स्वच्छ कुणी पाहिली नसेल. भिंतीपासून भिंतीपर्यंत घासून पुसलेली. चौरंगाच्या पायाशी पितळी पत्र्याचा एक कपटा तेवढा राहून गेला होता, बोटाएवढा. तिने तो रुमालात घेतला.

मग मातीचं पिंप. तिने झाकण उघडलं. 'उशी'ची सगळी माती त्यात होती, मुठीमुठीने दाबून बसवलेली, आणि वर ओलं फडकं, कडा आत खोचून. एका ढेकळावर अजून कानाची पाळी ओळखू येत होती.

ज्याला चीड आली तो फोडतो आणि निघून जातो. ही माती कुणीतरी वाळू नये म्हणून झाकून ठेवली होती.

ढेकळांवर बारीक निळे ठिपके होते, सुईच्या टोकाएवढे. तिने नखाने एक खरवडला. कडक होता.

"बघितलंत ना?" दारात ब्लोकबाई उभ्या होत्या. चौदा वर्षं त्या या घराचं स्वयंपाकपाणी आणि धुणं सांभाळत होत्या, आणि चौदा वर्षं दर रविवारी चर्चमध्ये जाऊन या घरासाठी क्षमा मागत होत्या. "फरशी बघितलीत? मी नाही हो पुसली. मी बुधवारी लेकीकडे होते. सकाळी येते तर हे! चोर पुसून जातो का कधी?"

"किल्ली कुठे असते?"

"खिळ्याला. सगळ्यांना ठाऊक आहे. मंगळवारी पाद्रीबुवा आले, त्यांना मीच उघडून दिलं. अर्धा तास बसले बिचारे."

"एकटे?"

"एकटेच. पण बाई, तुम्ही लिहून घेताय तर माझंही लिहून घ्या. माझा मऊ साबण गेलाय. भरलेला डबा, आता बोटभर उरलाय. आणि निळीची पुडी! सोमवारी नवी आणलेली."

सिग्नेची पेन्सिल थांबली. "कपड्यांची नीळ?"

"मग कसली? चादरी पिवळ्या घालू का मी आता?"

साबण, नीळ आणि घासलेली जमीन. धुणं करणाऱ्या बाईकडे बोट दाखवण्यासाठीच जणू मांडून ठेवलं होतं सगळं. सिग्नेने विचारायचं म्हणून विचारलं, "ब्लोकबाई, ती मूर्ती तुम्हाला आवडायची नाही ना?"

ब्लोकबाईंनी एप्रन डोळ्यांना लावला. "नाहीच मुळी. दोन बाया एका उशीवर! मी रोज तोंड फिरवून जायचे. पण रविवारी थोराबाई झोपायच्या तेव्हा त्या दोघींवर पाणी कोण शिंपडायचं? माती तडकू नये म्हणून? मीच ना?"

३

पाद्री ओलुफ डाल्सगोर स्टेशनजवळच्या, दारू न मिळणाऱ्या हॉटेलात उतरला होता. सिग्नेने त्याला थोराचा आरोप जसाच्या तसा सांगितला. त्याने रागावण्याऐवजी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"थोराबाईंना मी एक पत्र लिहिलं होतं," तो म्हणाला. "बहिणीला असं लोकांपुढे मांडू देणार नाही, म्हणून. ते मागे घेत नाही. तुम्ही त्या कोर्टात होतात, मला ठाऊक आहे. तुम्ही हसलात. मी गावी परतलो तेव्हा लोक चर्चमध्ये माझ्या बाकावर बसेनासे झाले."

"मग मूर्ती पाहायला का गेलात?"

त्याने टेबलावरची टोपी हातात घेतली. "वीस वर्षं आम्ही बोललो नव्हतो. माझ्याकडे तिचा फोटो नाही. म्हटलं, एकदा चेहरा बघावा."

"आणि?"

"अर्धा तास बसलो. थोराबाई लगेच सापडल्या. इंगर सापडली नाही." त्याने हातातली टोपी फिरवली. "वाटलं, माझंच पाप. सख्ख्या बहिणीचा चेहरा विसरलेला माणूस. तुम्हीच सांगा, जे सापडलंच नाही ते फोडेन कशाला?"

साडेचार वाजता संपादकाने तिला खोलीत बोलावलं. "पाद्र्याने मूर्ती फोडली! पहिलं पान. पाच वाजता पान बंद होतं."

"त्याने नाही फोडली."

"मग कुणी?"

"उद्या सांगते."

"उद्या शुक्रवार आहे, सिग्ने. परवा ती बाई स्वतःच ओरडणार, आणि मग बातमी आपली राहणार नाही, सगळ्यांची होईल."

सिग्नेने तोंडातला चिरूट पेटवलाच नाही. दोन झोपलेल्या बायका, आणि सख्ख्या भावाला फक्त परकी सापडते. हे आपल्याला आधीच ठाऊक होतं, असं तिला वाटत होतं.

४

आस्ता फ्लिंट शुक्रवारी अकरा वाजता उठली, तेही सिग्नेने दार ठोठावल्यामुळे. वय सव्वीस, अंगात पुरुषी सदरा, केस मागून कापलेले. तिच्या कवितांवर दोन मासिकांनी बहिष्कार घातला होता आणि त्याचा तिला फार अभिमान होता. थोराच्या माळ्यावर ती तीन वर्षं भाडं न देता राहत होती.

"मला पकडायला आलीस?" ती म्हणाली. "थांब, टाय बांधते. पकडली जाताना नीटनेटकी दिसले पाहिजे."

"बुधवारी कुठे होतीस?"

"एका लग्न झालेल्या बाईकडे. नाव छापणार असशील तर सांगते, तिला आवडेल."

"आस्ता, ती मूर्ती मोडल्याचं तुला वाईट वाटलेलं दिसत नाही."

आस्ताने टाय सोडून दिला. थट्टा एकदम गेली. "छापू नकोस. ईस्टरपासून ती इंगर राहिलीच नव्हती. रोज सकाळी थोरा फडकी काढायची आणि रोज थोडं थोडं बदलायची. आधी नाक. मग गाल. मी जिन्यावरून बघायचे. इंगर हळूहळू निघून चालली होती आणि थोराला वाटत होतं, ती जवळ येतेय."

"तू सांगितलं का नाहीस?"

"तूच का नाही सांगितलंस? तूही दर रविवारी यायचीस."

तिनेही पाहिलं होतं, आणि घरी जाऊन कॉफी करून घेतली होती.

"थोराला कोणी सांगू शकत असेल तर तो एकच," आस्ता म्हणाली. "लॉरित्स मास्तर. तीस वर्षं तिची प्रत्येक मूर्ती त्यानेच प्लास्टरमध्ये ओतली. फेब्रुवारीपासून तो तिच्या मागे लागला होता, 'बाई, आता ओतू द्या.' ती म्हणायची, 'अजून झाली नाही.' शेवटी त्याने येणंच सोडलं."

"कधीपासून?"

"काय माहीत. हिवाळ्यात त्याच्या हातून माझा पेला फुटला होता, त्यानंतर, ईस्टरच्या पुढे कधीतरी."

सिग्ने जिन्यावर पोचली होती. ती तिथेच थांबली आणि रुमालातला पितळी कपटा काढून उजेडात धरला.

५

लॉरित्स ब्रूनची ओतशाळा व्हेस्टरब्रोला, एका कोळशाच्या वखारीमागे होती. अंगणात प्लास्टरच्या खपल्यांचा ढीग पडला होता, एखाद्या राक्षसाने अंडी खाऊन टरफलं टाकावीत तसा. सिग्नेने एक खपली उचलली. बाहेरून पांढरी, जाडजूड. आतल्या बाजूला कुणा सेनापतीची अर्धी मिशी, उलटी उमटलेली. आणि त्या मिशीवर कागदाएवढा पातळ थर होता, निळा.

म्हातारा दारात आला. "या, बाई. कॉफी गरम आहे."

त्याने कॉफी टेबलावर ठेवली आणि पिताना कप उचलला नाही. वाकून तोंड कपाला लावलं. हात त्याने चामड्याच्या एप्रनखाली ठेवले होते.

"मास्तर, हे आतून निळं का असतं?"

"पहिल्या हाताला नीळ घालतो. मातीवर आधी पातळ निळा थर, हाताने शिंपडून. त्यावर पांढरा, जाड. मग साचा उघडून आतली माती उकरून टाकायची, आत साबण फासायचा, साचा मिटवून प्लास्टर ओतायचं. वाळलं की बाहेरचा साचा छिन्नीने फोडायचा. पांढरं बेधडक फोडायचं. निळं दिसलं की हात आखडायचा. निळ्याच्या लगेच खाली मूर्ती असते."

"आणि मातीची मूर्ती?"

"ती कधीच राहत नाही. एक मोडल्याशिवाय दुसरी निघत नाही."

सिग्नेने पितळी कपटा टेबलावर ठेवला. "साचा दोन भागांत उघडावा म्हणून मातीत हे खोचतात, बरोबर? मी कोर्टवाली बाई, मला सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. थोराने आत पाऊल टाकलं असतं तर एका नजरेत ओळखलं असतं. पण ती दारातूनच फिरली. रागावलेल्या माणसाने माती जमिनीवर टाकली असती, मास्तर. तुम्ही ती पिंपात भरून ओलं फडकं घातलंत. सवय. प्लास्टरचे डाग कुणाला दिसू नयेत म्हणून जमीन घासलीत. आणि घाईघाईत नीळ आणि साबण घरून आणायला विसरलात, म्हणून ब्लोकबाईंचा घेतलात."

म्हाताऱ्याने कपट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुडीचे पैसे खिडकीत ठेवले होते. त्यांना दिसले नाहीत वाटतं."

"विचारलं का नाही तिला?"

"फेब्रुवारीपासून विचारलं! नाक तर गेलंच होतं. आणखी आठवडाभर थांबलो असतो तर ओठही गेले असते. मी तीस वर्षं इंगरबाईंच्या हातची कॉफी प्यायलोय, त्यांचे ओठ मला ठाऊक आहेत. बाई बोटीवर गेल्या, म्हटलं आता नाहीतर कधीच नाही. मोडल्याची बातमी न्यायची नाही, सरळ चेहराच नेऊन पुढे ठेवायचा."

"मग नेला का नाहीत?"

त्याने एप्रनखालून हात काढले. ते वाऱ्यातल्या पानांसारखे थरथरत होते.

"शिंपडायला, ओतायला चालतात. काल छिन्नी लावली. उशीच्या कोपऱ्याचा टवका उडाला, नखाएवढा. उशी होती म्हणून ठीक. पापणी असती तर?"

कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली पांढरा, बेढब गोळा होता. वाढदिवसाच्या केकसारखा निरुपद्रवी.

"नाकाचं काय झालं होतं, मास्तर? कळलं का तुम्हाला?"

"तुम्हाला नाही कळलं?" त्याने थरथरतं बोट स्वतःच्या नाकावर ठेवलं, मग हवेत, जणू समोर माती असावी. पुन्हा नाकावर, पुन्हा हवेत. "समोर कुणी बसलेलं नसलं की मूर्तिकाराचा हात आपल्याच तोंडावर जातो. नवशिक्यांना आम्ही पहिल्या दिवशी बजावतो. थोराबाईंना कोण बजावणार?"

सिग्नेला थोराच्या नाकावरची माती आठवली. चार महिने ती रोज तिथे होती.

"हे तिला तुम्ही सांगणार की मी?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने कपाला तोंड लावलं.

६

शनिवारी सकाळी आठ वाजता सिग्नेने थोराला ओतशाळेत आणलं. आस्ता टाय बांधून आली होती. पाद्र्यालाही निरोप धाडला होता. तो अंगणात खपल्यांच्या ढिगाशेजारी टोपी हातात घेऊन उभा राहिला. आत ये म्हणून कुणी म्हटलं नव्हतं.

लॉरित्सने स्वतःच सगळं सांगितलं. नाकाचं सोडून. थोरा ऐकत होती आणि तिचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"तीस वर्षं," ती म्हणाली, "आणि मला न विचारता?"

"हो, बाई."

"हात दाखव."

त्याने दाखवले. तिने ते आपल्या दोन्ही हातांत धरले, थरथर थांबते का ते बघावं तसे. थांबली नाही. तिने कोट काढून आस्ताच्या अंगावर फेकला. "छिन्नी कुठे आहे?"

पहिला तासभर पांढऱ्या खपल्या पडत राहिल्या. तिने मूर्तीतलं स्वतःचं डोकं मोकळं केलं, भराभर, दयामाया न दाखवता. मग इंगरच्या बाजूला निळं दिसलं आणि तिने हातोडी खाली ठेवली. पुढचं काम ती एका बोथट पात्याने, श्वास धरून करत होती. निळी पूड तिच्या मनगटांवर बसली. आस्ता एकदाही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत नोंदवण्यासारखं आहे.

कपाळ निघालं. पापण्या निघाल्या. नाक निघालं. थोराचा डावा हात सवयीने वर गेला आणि स्वतःच्या नाकाच्या दांड्यावरून फिरला. मग प्लास्टरवर. मग पुन्हा स्वतःच्या नाकावर, सावकाश.

सिग्नेने खिडकीबाहेर बघितलं.

"हे नाक माझं आहे," थोरा म्हणाली.

आस्ताने कोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"गालही माझा. अरे गाढवांनो! मी इतके दिवस स्वतःलाच तिच्या जागी झोपवत होते आणि एकाने सांगितलं नाही?"

"तुझ्या हातात कोरणी असायची," आस्ता म्हणाली.

"मास्तर?"

"सांगण्यापेक्षा ओतणं सोपं वाटलं, बाई."

थोरा पुन्हा वाकली. तोंडावरचा निळा थर तेवढा राहिला होता. तिने पातं ठेवून दिलं आणि तो नखाने काढला, कण कण. वरचा ओठ. खालचा ओठ. डावीकडचा कोपरा, किंचित वर उचललेला. तिथे पोचल्यावर तिचं बोट थांबलं आणि मग हललंच नाही.

बऱ्याच वेळाने तिने मान न वळवता हाक मारली. "पाद्रीबुवा. बाहेर काय उभे आहात? आत या. मी तुमच्याबद्दल वाईट बोलले, सगळ्या शहराला सांगणार होते. या. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. तुम्ही बघून सांगा."

ओलुफ डाल्सगोर आत आला. बूट न वाजवता, झोपलेल्या माणसाच्या खोलीत यावं तसा. त्याने नाकाकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. मग नजर खाली उतरली.

"आता ती काहीतरी बोलणार आहे," तो म्हणाला. "जेवणाच्या टेबलावर, वडिलांसमोर, बोलू नये असलं." तो आणखी वाकला. "मी टेबलाखालून तिला लाथ मारायचो."

"आणि तरी ती बोलायची," थोरा म्हणाली.

"तरी बोलायची."

'उशी' अकरा वाजता हातगाडीवरून प्रदर्शनात पोचली, टवक्यासकट. इंगरच्या ओठांच्या कोपऱ्यात निळीचा एक कण राहिला होता. लॉरित्सने ओला बोळा पुढे केला, थोराने तो घेतला आणि खिशात घातला.

त्या दिवशी पाच वाजता सिग्नेने चार ओळींची बातमी दिली. मोडली गेली असं समजलेली मूर्ती तिच्या ओतणाऱ्याकडे सुरक्षित सापडली, कोणावरही आरोप नाही, प्रदर्शनात गर्दी होती. संपादकाने विचारलं, एवढंच? सिग्ने म्हणाली, हो, आणि कचेरीतून निघाली. वाटेत तिने ब्लोकबाईंसाठी निळीची पुडी घेतली.